‘लोकल’वर फिरवलेली चावी ‘रिमोट’वर परत आणा
(११ केव्हीची, म्हणजे ११ हजार व्होल्टची, केबल बिघडली की बाकीच्या आवारात आपोआप वीज आणणारी ऑटोमॅटिक यंत्रणा बसवलेल्या आमच्या ग्राहकांसाठी माहिती)

पावसाळा लागला की आमच्या फोंड्याच्या कार्यालयात एकाच तऱ्हेचे फोन सुरू होतात. ‘‘एवढे पैसे घालून ऑटोमॅटिक केलं, तरी रात्रभर काळोखात बसलो.’’ फोन कधी कुंडई-मडकईच्या कारखान्यातून असतो, कधी पर्वरीच्या एखाद्या मोठ्या संकुलातून, कधी किनाऱ्यावरच्या हॉटेलातून. आमचा माणूस गाडी काढून तिथे पोहोचतो, आरएमयूचे (रिंग मेन युनिट, म्हणजे ट्रान्स्फॉर्मरजवळच्या उच्चदाबाच्या स्विचांच्या पेटीचे) दार उघडतो आणि बहुतेक वेळा त्याला सिलेक्टरची चावी ‘लोकल’वर दिसते. यंत्रणा बिघडलेली नसते. तिला काम करायला कुणीतरी मनाई केलेली असते.

हे पत्रक तुमच्या इलेक्ट्रिशियनला आणि रात्रपाळीच्या वॉचमनलाही जरूर वाचायला द्या. चावी बहुधा त्यांच्याच हातून फिरते आणि हेतू चांगलाच असतो.

तुमच्या आवारात दोन-तीन ट्रान्स्फॉर्मर आहेत, ११ केव्हीची केबल त्यांच्या आरएमयूंना रिंगमध्ये जोडते आणि ही रिंग एका जागी मुद्दाम उघडी ठेवलेली असते, हे तुम्हाला माहीत आहेच. आता समजा, पहिल्या आणि दुसऱ्या आरएमयूच्या मधल्या केबलचा जॉइंट पाणी शिरून फुटला. मुख्य ब्रेकर ट्रिप होतो आणि सगळीकडे अंधार पडतो. फॉल्टचा करंट पहिल्या आरएमयूतून गेलेला असतो, म्हणून तिथला फॉल्ट इंडिकेटर लागतो. दुसऱ्याचा लागत नाही. म्हणजे बिघाड या दोघांच्या मध्ये आहे. कंट्रोलर त्या तुकड्याच्या दोन्ही टोकांचे स्विच मोटरने ऑफ करतो, मुख्य ब्रेकर पुन्हा ऑन करतो आणि रिंगच्या उघड्या जागेचा स्विच ऑन करून पलीकडच्या ट्रान्स्फॉर्मरना दुसऱ्या बाजूने वीज देतो. फुटलेला तुकडा तेवढा बाजूला पडतो आणि बाकीचे आवार साधारण मिनिटभरात उजळते. मोठ्या शहरांतल्या फीडरवर (वीज नेणाऱ्या मुख्य लाइनवर) स्काडा, म्हणजे दुरून देखरेख आणि नियंत्रण करणारी संगणक यंत्रणा, लावून वीज वितरण करणारे हेच करतात. तुमच्याकडे तीच पद्धत कुंपणाच्या आत, लहान प्रमाणावर आहे. आयईईई या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेच्या १३६६ क्रमांकाच्या मानकात पाच मिनिटांपर्यंतचा खंड ‘क्षणिक’ धरतात. तुमची यंत्रणा त्या मर्यादेच्या आत राहावी, हा आमचा सगळा खटाटोप आहे.

हेच काम हाताने करायचे तर भर पावसात टॉर्च घेऊन एकेका आरएमयूकडे जायचे, एक तुकडा सोडायचा, ब्रेकर घालून बघायचा, पुन्हा ट्रिप झाला की पुढचा तुकडा. तास-दोन तास त्यातच जातात. शिवाय ब्रेकर घालून बघण्याच्या प्रत्येक प्रयत्नात फॉल्टचा प्रचंड करंट तुमच्या चांगल्या केबलमधून आणि तिच्या जॉइंटमधून वाहतो. आज एक जॉइंट फुटला असेल, तर दुसरा त्या धक्क्यांनी कमकुवत होऊन पुढच्या पावसात फुटायला तयार होतो.

आता ‘लोकल’विषयी. चावी ‘लोकल’वर असली की त्या आरएमयूची मोटर कंट्रोलरचा हुकूम मानत नाही, स्विच फक्त तिथे उभ्या असलेल्या माणसाच्या हाताने चालतो. रिंगमधली एक जरी आरएमयू ‘लोकल’वर असली, तरी आमचा कंट्रोलर संपूर्ण क्रम थांबवतो, कारण एक टोक आपल्या ताब्यात नसताना बाकीचे स्विच फिरवणे धोक्याचे असते. म्हणून एका चावीपायी सगळे आवार अंधारात राहते. मे महिन्यात जनरेटरची सर्व्हिसिंग झाली किंवा माडाच्या झावळ्या तोडण्यासाठी शटडाउन घेतला, त्या वेळी कुणीतरी चावी फिरवलेली असते. काम संपते, वीज येते, दिवे लागतात, सगळे घरी जातात. वीज असताना ‘लोकल’ आणि ‘रिमोट’ यांतला फरक कुणालाच दिसत नाही. तो दिसतो जुलैच्या एखाद्या मध्यरात्री.

बरेच ग्राहक आम्हाला विचारतात, ‘‘अर्ध्या तासाने चावी आपोआप रिमोटवर येईल असा टायमर का लावत नाही?’’ आम्ही तो लावत नाही आणि जास्त पैसे देऊ केले तरी लावणार नाही. ‘लोकल’चा अर्थ असा की कुणाचा तरी हात केबलवर असू शकतो. कोकणातला पाऊस, चिखलाने भरलेला खड्डा आणि त्यात वाकून जॉइंट करणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. त्याचे काम अर्ध्या तासात संपेलच असे कोण सांगणार? ‘लोकल’ रद्द करण्याचा अधिकार ज्याने चावी फिरवली त्याच माणसाला असला पाहिजे. स्पर्धक असा टायमर देत असतील, तर त्यांना हा एकच प्रश्न विचारून पाहा.

याच कारणासाठी काम चालू असताना चावी ‘लोकल’वर फिरवून काढून घ्यायची, काम करणाऱ्याच्या खिशात ठेवायची आणि आरएमयूच्या दाराला ‘काम चालू आहे’ हा आम्ही दिलेला लाल फलक लावायचा. काम संपले की त्याच माणसाने फलक काढायचा, चावी ‘रिमोट’वर आणायची आणि दाराच्या आत टांगलेल्या वहीत वेळ व सही टाकायची. वहीचा काही जणांना त्रास वाटतो. पण ज्या ग्राहकांकडे ती नीट भरली जाते, त्यांच्याकडे आम्हाला या कारणासाठी रात्री जावे लागत नाही. उच्चदाबाच्या ठिकाणी परवानाधारक पर्यवेक्षक असावाच लागतो. वही त्याच्याकडे सोपवा.

चावी ‘लोकल’वर गेली की कंट्रोलर तुमच्या मोबाइलवर संदेश पाठवतो. तो नको म्हणून बंद करू नका. हा संदेश तीन माणसांना जावा असे आम्ही सुचवतो: मालक किंवा व्यवस्थापक, इलेक्ट्रिशियन आणि आमचे कार्यालय. संदेशाचे सिम तुमच्या नावावर असते आणि त्याचे रिचार्ज चुकले की हा पहारा गप्प होतो. यंत्रणा स्वतः मात्र चालूच राहते, कारण आरएमयूंची आपसातली देवाणघेवाण फायबरवरून होते.

आणखी एक विनंती. ट्रिप झाल्यावर रिलेवर (ब्रेकरला तोडायचा हुकूम देणाऱ्या उपकरणावर) दिसणारी नोंद रीसेट करण्याआधी तिचा मोबाइलने फोटो काढून आम्हाला पाठवा. ५१ दिसतो की ५१एन, म्हणजे ओव्हरलोड किंवा फेजमधला फॉल्ट आहे की जमिनीकडे करंट गेला आहे, एवढे कळले तरी आमचा माणूस योग्य सामान घेऊन निघतो. जांभ्याच्या जमिनीत अर्थिंगचा रोध मुळातच जास्त असतो, म्हणून जमिनीच्या फॉल्टची नोंद आम्हाला विशेष हवी असते.

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न वेगळाच आहे: ‘‘ऑटोमॅटिक आहे, मग वीज गेलीच का?’’ वीज खात्याचा ११ केव्ही फीडरच बंद असेल, तर आमची यंत्रणा वीज निर्माण करू शकत नाही. गोव्यात स्वतःची निर्मिती नगण्य आहे. वीज महाराष्ट्र आणि कर्नाटक अशा दोन्ही बाजूंनी उच्चदाबाच्या वाहिन्यांतून येते. तिथून तुमच्या फाटकापर्यंत काही झाले तर जनरेटरच लागणार, आणि आमचे पॅनेल तो आपोआप सुरू करते. जनरेटर आणि खात्याची वीज एकत्र येऊ नये म्हणून बसवलेला इंटरलॉक कुणीही काढू नये. उलट्या दिशेने गेलेली वीज खांबावरच्या लाइनमनच्या जिवावर बेतते.

दिवे एकदा-दोनदा झपकन जाऊन येतात, त्याचीही तक्रार येते. ओव्हरहेड लाइनवर बहुतेक फॉल्ट क्षणिक असतात: ओली झावळी टेकून खाली पडते, वटवाघूळ तारांना चिकटते. रिक्लोजर लाइन तोडतो, थोडा थांबतो आणि पुन्हा जोडून पाहतो. जोडणी टिकली तर तुमची रात्र वाचली. तुमच्या आवारातल्या जमिनीखालच्या केबलवर मात्र आम्ही हे रिक्लोजिंग मुद्दाम बंद ठेवतो. केबलचा फॉल्ट आपोआप बरा होत नाही.

बराच वेळ वीज नसल्यानंतर ती आली की सगळे एसी, फ्रीज आणि मोटर एकाच वेळी ओढतात, करंट नेहमीपेक्षा कितीतरी वाढतो आणि ब्रेकर पुन्हा पडतो. मोठा भार टप्प्याटप्प्याने घाला. हॉटेलांसाठी हे टप्पे आम्ही पॅनेलमध्येच बसवून देतो. चवथीच्या किंवा नाताळच्या गर्दीआधी विचारलेत तर बरे.

शेवटी बॅटरी. वीज गेली तेव्हाच आरएमयूच्या मोटरला काम असते आणि ती चालते २४ व्होल्टच्या बॅटरीवर. बॅटरीभोवतीचे तापमान १० अंशांनी वाढले की तिचे आयुष्य साधारण निम्मे होते. उन्हात उभ्या पत्र्याच्या केबिनमधली बॅटरी म्हणून लवकर मरते आणि समुद्राकाठी तिची टर्मिनलेही गंजतात. चार्जरवरचा हिरवा दिवा बघून ‘ठीक आहे’ म्हणू नका, तो दिवा भार घेतल्यावर बॅटरी किती टिकते हे सांगत नाही.

वार्षिक देखभाल करारात आम्ही मे महिन्यात बॅटरी भाराखाली तपासतो, प्रत्येक आरएमयूची मोटर प्रत्यक्ष चालवून पाहतो, फॉल्ट इंडिकेटरची चाचणी घेतो आणि तुमच्या माणसांना चावी-फलक-वहीची रीत पुन्हा दाखवतो. करार नसलेल्यांनाही ही पावसाळ्यापूर्वीची एक भेट घेता येते. तिचा दर पॅनेलच्या दारावर चिकटवलेल्या क्रमांकावर फोन केल्यास कळेल. भेटीला साधारण अर्धा दिवस लागतो आणि त्यात थोडा वेळ वीज बंद ठेवावी लागते, म्हणून कारखान्यांनी साप्ताहिक सुट्टीचा दिवस सांगावा. मे महिन्याच्या तारखा आम्ही एप्रिलपासून देतो.