कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती

पदव्युत्तर शिक्षणानंतर पूर्ण वेळ पीएच.डी. संशोधन करणाऱ्यांना दरमहा ठरावीक रक्कम देणारी भारतातील योजना. बोलताना तिला ‘जेआरएफ’ म्हणतात. मानव्यविद्या, सामाजिक शास्त्रे, भाषा इ. विषयांत ती विद्यापीठ अनुदान आयोगाकडून (यूजीसी) मिळते. विज्ञान विषयांसाठी वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद (सीएसआयआर) व आयोग यांची संयुक्त परीक्षा होते. शिष्यवृत्ती बहुधा फीला हातभार लावते. अधिछात्रवृत्ती मात्र उदरनिर्वाहासाठी असते, नोकरी न करता संशोधन करता यावे म्हणून. त्यामुळे ती किती मिळते याइतकेच ती महिन्याच्या महिन्याला मिळते का, यावर संशोधनाचा दर्जा अवलंबून राहतो.

निवड राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून (नेट) होते. परीक्षेच्या जून आणि डिसेंबर अशा दोन फेऱ्या असतात. सहायक प्राध्यापकपदाच्या पात्रतेला वयाची अट नाही. जेआरएफसाठी सर्वसाधारण मर्यादा ३० वर्षे असून महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, दिव्यांग व तृतीयपंथी उमेदवारांना ५ वर्षांची सवलत मिळते.

१ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे वरिष्ठ अधिछात्र (एसआरएफ) म्हणून ४२,००० रुपये मिळतात. त्याआधीचे दर ३१,००० व ३५,००० रुपये होते. या रकमेला महागाई भत्ता जोडलेला नाही, त्यामुळे नवा निर्णय निघेपर्यंत आकडा तोच राहतो आणि मधल्या वर्षांत त्याची किंमत घटत जाते. घरभाडे भत्ता शहराच्या वर्गानुसार वेगळा मिळतो. मुंबई व पुणे वरच्या वर्गात आहेत, नागपूर व नाशिक मधल्या. वसतिगृहात खोली मिळाली तर भत्ता मिळत नाही. विद्यापीठाने देऊ केलेली खोली नाकारली तरी भत्त्यावरचा हक्क जातो, हे अनेकांना भाड्याची खोली घेतल्यावर कळते.

प्रत्यक्ष संशोधनावर खर्च करायची रक्कम म्हणजे आकस्मिक खर्चाचे अनुदान, बोलीत ‘कंटिंजन्सी’. मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रांसाठी ती पहिली दोन वर्षे वार्षिक १०,००० आणि पुढे २०,५०० रुपये आहे. विज्ञानासाठी अनुक्रमे १२,००० आणि २५,००० रुपये. तिच्यातून पुस्तके, छायाप्रती, टंकन, रसायने, क्षेत्रकार्याचा प्रवास भागवता येतो. फर्निचर, परीक्षाशुल्क किंवा विद्यापीठाने पुरवायच्या वस्तू यांवर ती खर्च करता येत नाही. १०,००० रुपये म्हणजे महिन्याला सुमारे ८३३ रुपये. मराठवाड्यातून पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागद पाहायला येणाऱ्या इतिहासाच्या विद्यार्थ्याचा विचार करावा. एकेक रुमाल (कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा) मागवायचा, सोडायचा, वाचायचा आणि उतरवून घ्यायचा. दोन-चार दिवसांत हे काम होत नाही, पुण्यात आठवडेच्या आठवडे राहावे लागते. पहिले वर्ष बव्हंशी किमान १२ श्रेयांकांच्या कोर्सवर्कमध्ये आणि आराखडा पक्का करण्यात जाते, दफ्तरातली खरी बैठक दुसऱ्या वर्षी सुरू होते आणि अनुदान तेव्हाही १०,००० च असते. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याची द्रावके अनेकदा मार्गदर्शकाच्या प्रकल्पातून येतात. मानव्यविद्येत असा प्रकल्प क्वचितच असतो, म्हणून तिथले कमी अनुदान अधिक जाणवते. खर्चाच्या प्रत्येक पावतीवर तारीख आणि शक्यतो विद्यार्थ्याचे नाव असावे. एसटीच्या यंत्रातून निघालेल्या तिकिटावरची शाई काही महिन्यांत उडते. त्याची झेरॉक्स त्याच दिवशी काढून मूळ तिकिटासोबत जोडावी.

निवडपत्र तीन वर्षे वैध असते. त्या मुदतीत पीएच.डी.ला प्रवेश घेऊन रुजू अहवाल द्यावा लागतो. निवडपत्राची तारीख आणि रुजू होण्याची तारीख यांतली जी नंतरची, तिथून अधिछात्रवृत्ती सुरू होते. आधीच पीएच.डी.ला नोंदणी झालेल्यांसाठी निवडपत्राऐवजी नेटच्या निकालाची तारीख धरतात. घोळ इथेच होतो. प्रवेशपत्रावर एक तारीख, संशोधन मान्यता समितीच्या पत्रावर दुसरी आणि रुजू अहवालावर तिसरी असेल, तर थकबाकीचा हिशेब अडतो. रुजू अहवाल भरण्याआधी तिन्ही कागद समोर ठेवून विभागाच्या लिपिकाशी तारखा जुळवून घेणे हाच यावर उपाय.

त्यानंतर दर महिन्याला तेच चक्र फिरते. विभागातून उपस्थिती विद्यापीठात जाते, तिथे एक कर्मचारी ती संगणकीय प्रणालीत भरतो, दुसरा अधिकारी मंजूर करतो आणि पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात थेट जमा होतात. यातला एक माणूस रजेवर असला तरी महिना पुढे ढकलला जातो. विद्यार्थ्याने मधेच दुसऱ्या बँकेत खाते काढले आणि आधारची जोडणी तिकडे सरकली, तर पैसे नव्या खात्यात जातात आणि तो जुन्या पासबुकात शोधत बसतो. आधार, निवडपत्र व बँक यांतले नावाचे स्पेलिंग वेगळे असणे हे आणखी एक नेहमीचे कारण.

दोन वर्षे पूर्ण झाली की तीन सदस्यांची समिती कामाचे मूल्यमापन करते आणि तिच्या शिफारशीनंतर एसआरएफ लागू होते. बैठक आपोआप लागत नाही. दुसरे वर्ष संपण्याच्या दोन-तीन महिने आधी मार्गदर्शकामार्फत अर्ज द्यावा, नाही तर वाढीव रक्कम थकबाकीत जाते. हेलपाटा वाचवायचा तर प्रगती अहवालासोबत झालेले क्षेत्रकार्य आणि लिहून झालेली प्रकरणे जोडावीत.

महाराष्ट्रात अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी आणि इतर मागासवर्ग व भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती या संस्थाही संशोधकांना अधिछात्रवृत्ती देतात. एकाच वेळी दोन ठिकाणचे पैसे घेता येत नाहीत.

अधिछात्रवृत्तीचा कमाल काळ पाच वर्षे आहे. आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ला मात्र सहा वर्षांपर्यंत आणि पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षे मिळतात. सहाव्या वर्षी प्रबंध लिहिणारा विद्यार्थी त्यामुळे बिनपगारी असतो, आणि लिखाणाचा मोठा भाग नेमका याच काळात येतो. प्रबंध पाच वर्षांच्या आत सादर केला, तर सादर केल्याच्या दिवसापासून रक्कम थांबते. परीक्षकांचे अहवाल येऊन तोंडी परीक्षा होईपर्यंत काही महिने जातात. या महिन्यांची धास्ती वाटून बांधणी झालेला प्रबंधही काही जण मुदत संपेपर्यंत कपाटात ठेवतात.