पोर्शे ९११ टर्बो (९३०) : ओळख आणि जुन्या गाडीची पारख

पोर्शे ९११ टर्बो : जर्मनीतील श्टुटगार्ट शहराच्या त्सुफेनहाउझेन भागातल्या पोर्शे कारखान्यात १९७५ ते १९८९ या काळात तयार झालेली, मागे इंजिन असलेली दोन दारांची स्पोर्ट्स कार. कारखान्यातला तिचा प्रकार-क्रमांक ९३०, आणि जाणकार तिला याच आकड्याने ओळखतात. एकूण सुमारे २१ हजार गाड्या निघाल्या. आज ती विकायला निघते ती हौशी संग्राहकांसाठी, त्यामुळे या नोंदीत इतिहासापेक्षा पारखीला जास्त जागा दिली आहे.

सोलापुरात ‘टर्बो’ हा शब्द रुळला तो ट्रकमुळे. पुणे-हैदराबाद आणि विजापूरच्या रस्त्यांवर धावणाऱ्या गाड्यांचे मिस्त्री ‘टर्बो गेला’, ‘पिकअप नाही’, ‘ऑइल खातंय’ ही भाषा रोज बोलतात. पोर्शेचे दालन शहरात नाही, पण टर्बो म्हणजे काय हे सांगायला बाहेरचा माणूस आणावा लागत नाही. मोटारधंद्याशी गावाचे नाते जुने आहे. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ मध्ये सोलापूरचा, आणि प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी त्यांनी १९४४ मध्ये काढली. १९७५ च्या सुमारास त्या कंपनीच्या पद्मिनीचे १,०८९ सीसीचे इंजिन चाळीसेक अश्वशक्ती देत होते. त्याच साली रस्त्यावर आलेल्या ९३० ची ताकद होती २६०.

टर्बो बसवलेली पहिली जर्मन विक्रीची गाडी मात्र ही नव्हे. तो मान बीएमडब्ल्यू २००२ टर्बोचा (१९७३). पोर्शेने हे तंत्र शर्यतीत कमावले. टर्बो लावलेल्या ‘९१७’ या शर्यतीच्या मॉडेलने १९७२ आणि १९७३ मध्ये उत्तर अमेरिकेतली कॅन-ॲम स्पर्धा जिंकली. तेव्हाचे कंपनीप्रमुख एर्न्स्ट फुरमान यांनी तेच रस्त्यावरच्या ९११ ला लावायचा आग्रह धरला. शर्यतीच्या नियमांसाठी ४०० गाड्या विकणे भाग होते, तेवढ्या खपतील की नाही अशी कंपनीत शंका होती. तेलसंकटाच्या दिवसांत ती रास्तच म्हणायची. ऑक्टोबर १९७४ च्या पॅरिस प्रदर्शनात गाडी मांडली गेली. त्याच वर्षी संस्थापकांचे चिरंजीव फेरी पोर्शे यांच्या भगिनी लुईझे पिएख यांना सत्तराव्या वाढदिवसाला २.७ लिटर इंजिनाची एक टर्बो भेट मिळाली होती. सत्तरीतल्या बाईंना अशी गाडी देणारे घर वेगळेच!

इंजिन आडवे, सहा सिलिंडरचे, हवेने थंड होणारे. धुराच्या जोराने एक चक्र फिरते आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबते. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद. अडचण अशी की धूर पुरेसा झाल्याशिवाय चक्र वेग घेत नाही. ९३० मध्ये एकच मोठा टर्बो होता आणि दाबाखाली इंजिन ठोकू नये (पेट्रोल अवेळी पेटून खडखडू नये) म्हणून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती पट दाबायची ते प्रमाण, ६.५ इतके कमी ठेवले होते. परिणाम असा की मिनिटाला तीन हजार फेऱ्यांखाली गाडी सुस्त. पाय दाबला तरी काही नाही, आणि मग एकदम उसळी. बसलेला रेडा शेपूट पिरगळूनही हलू नये आणि उठला की दावणीसकट पळावा, तसला प्रकार. ही उसळी वळणावर आली आणि चालकाने घाबरून पाय उचलला, तर मागचे जड इंजिन गाडीला भोवऱ्यासारखी फिरवते. ‘विधवा करणारी’ हे तिचे टोपणनाव त्यातूनच पडले. त्यात गाडीपेक्षा चालकाचा दोष जास्त, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

१९७८ मध्ये इंजिन ३.३ लिटरचे झाले आणि ताकद ३०० अश्वशक्तीवर गेली. दाबलेली हवा तापते, ती थंड करायला मागच्या पंखाखाली (स्पॉइलरखाली) इंटरकूलर आला. ब्रेक शर्यतीच्या ९१७ वरून घेतले. गियरचा खडखडाट थांबवायला क्लचच्या मध्यभागी रबर घातले, त्यापायी इंजिन ३ सेंटिमीटर मागे सरकले आणि आधीच जड असलेली शेपटी आणखी जड झाली. पाचवा गियर थेट १९८९ मध्ये, म्हणजे उत्पादनाच्या शेवटच्या वर्षी मिळाला.

विकत घेणाऱ्याला हा पाचवा गियर फार कामाचा. रुंद मडगार्ड आणि मागचा मोठा पंख साध्या ९११ वरही चढवता येतो, आणि अशा गाड्या टर्बो म्हणून दाखवल्या जातात. १९८९ च्या आधीची ‘टर्बो’ पाच गियरची निघाली तर तिथेच थांबावे. इंजिनावर कोरलेल्या नुसत्या ‘९३०’ या आकड्यावर भिस्त ठेवू नये, कारण त्या काळातल्या टर्बो नसलेल्या काही ९११ इंजिनांचे क्रमांकही ९३० नेच सुरू होतात. तिरक्या रेघेपुढचा आकडा वाचावा.

पुढची चूक ऑइलची. साध्या गाडीसारखी बॉनेट उघडून, थंड इंजिनात ऑइलची पट्टी ओढून बघायची सवय सगळ्यांनाच असते. ९३० चे ऑइल वेगळ्या टाकीत असते, सगळे मिळून सुमारे १३ लिटर. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन गरम आणि चालू असतानाच पट्टी बघायची. थंड इंजिनात ती कोरडी दिसते, मग मिस्त्री दोन लिटर ओततो, जास्तीचे ऑइल हवेच्या फिल्टरमध्ये शिरते आणि मागून निळ्या धुराचा लोट येतो. गिऱ्हाईक म्हणते इंजिन बसले, विकणारा शपथा घेतो. सुरू करताना थोडा धूर येणे मात्र या आडव्या इंजिनाला माफ आहे. गरम झाल्यावरही धूर थांबला नाही तर चिंता करावी.

टर्बो तपासायची रीत ट्रकचीच. हवेचा पाइप काढून दांड्याचे टोक दोन बोटांत धरावे. बाजूला किंचित हलले तर चालते. आत-बाहेर जाणवण्याइतके सरकत असेल तर टर्बो उघडावा लागणार. इंजिन थंड असताना सुरू केल्यावर ‘चुटचुट’ आवाज आला तर सिलिंडरचे हेड धरून ठेवणारा एखादा स्टड (लांब बोल्ट) तुटल्याचा संशय घ्यावा. वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीत पेट्रोल वाटणारे बॉश के-जेट्रॉनिक यंत्र अडकते. हल्लीचे इथेनॉलमिश्रित पेट्रोल जुन्या रबरी नळ्यांना सोसत नाही, त्या आधी बदलाव्यात. गंजाच्या बाबतीत १९७६ च्या मॉडेलपासूनचा जस्त चढवलेला पत्रा बरा. तरी मुंबईच्या खाऱ्या हवेतली गाडी आणि सोलापूरच्या कोरड्या हवेतली गाडी यांत फरक पडतोच.

उन्हाचा हिशेब वेगळा. इथल्या एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर सहज जातो. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाचा पंखा इंजिनच फिरवते आणि त्याचा वेग इंजिनाबरोबर कमी-जास्त होतो, म्हणजे सात रस्त्याच्या सिग्नलला उभे असताना वारा सगळ्यात कमी. उरलेली उष्णता ऑइल वाहून नेते, आणि त्याचा कूलर पुढच्या उजव्या मडगार्डात असतो. तो चिखलाने बुजलेला असेल तर ऑइलच्या तापमानाचा काटा वर चढत राहतो. गाडी चालवून बघायची ती भर दुपारी. सकाळच्या गारव्यात खोट लपते. थांबल्यावर लगेच चावी फिरवून इंजिन बंद करू नये. तापलेल्या टर्बोत ऑइलचा प्रवाह थांबला की ते जळून कोळसा होते आणि बेअरिंग खाते. ट्रकवाले धाब्यावर गाडी लावून दोन मिनिटे इंजिन चालूच ठेवतात, ते याचसाठी.

कागदपत्रांवर सगळे अडते. तीन वर्षांपेक्षा जुनी, पण ५० वर्षे न भरलेली मोटार भारतात सहसा आयात करता येत नाही. म्हणून इथे विक्रीला दिसणारी ९३० कशी आली, कस्टमचे कागद कुठे आहेत आणि चासी नंबर आरसी बुकाशी जुळतो का, हे टोकन देण्याआधी बघावे. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेली, मूळ रूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरे. १९७५ च्या गाड्या या वयात नुकत्याच पोचल्या आहेत. अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते.