मागून बसलेली ॲम्बेसिडर

डिकी रिकामी, मागच्या सीटवर कोणी नाही, तरी गाडी मागून बसलेली. गोव्यात हौसेने सांभाळलेल्या जुन्या ॲम्बेसिडर आणि पद्मिनी अशा दिसल्या की लोक लगेच शॉक ॲब्सॉर्बरला दोष देतात. पण या गाड्यांचं मागचं वजन पेलतात ते कमानपाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या बाकदार पोलादी पट्ट्या. शॉक ॲब्सॉर्बर फक्त हेलकावे आवरतो. तो नवा घालून गाडी उचलली जात नाही.

पाटे ‘नरम पडले’ हेही खरं नाही. पोलादाचा ताठरपणा त्याच्या अणूंमधल्या बंधांवर ठरतो आणि वापराने तो घटत नाही. बिघडतो तो पाट्याचा आकार. भरल्या गाडीला खड्ड्याचा दणका बसतो तेव्हा पाट्याच्या पृष्ठभागावर ताण मर्यादेबाहेर जातो, पोलादातल्या स्फटिकांचे थर किंचित घसरतात आणि पुन्हा जागेवर येत नाहीत. वर्षानुवर्षं हे साठत जातं आणि कमान सपाट होते.

गंजाची गोष्ट मात्र वेगळी, आणि आपल्याकडे तीच जास्त घातक. खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात पाट्यांमधल्या फटी ओल धरून ठेवतात. पाट्याचा ताठरपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात असतो. जाडी 10 टक्के झिजली तर ताठरपणा 27 टक्क्यांनी कमी होतो. शिवाय गंजाच्या बारीक खळग्यातूनच भेग सुरू होते. म्हणून पाटे सुटे करून, घासून बघितल्याशिवाय काही ठरवू नये.

जादा पाटा घालणं हा सर्रास होणारा उपाय मला पटत नाही. गाडी उंच होते, पण मूळचा मऊपणा जातो. पाटे शाबूत असतील तर त्यांना पुन्हा बाक द्यावा. नुसता हातोड्याने थंड ठोकून दिलेला बाक लवकर उतरतो. पाटा लालभडक तापवून, तेलात विझवून, पुन्हा बेताने तापवला तर टिकतो. ॲम्बेसिडरचं उत्पादन 2014 मध्ये थांबलं, त्यामुळे असं काम जाणणारा कारागीर मोलाचा. काम दोन्ही बाजूंचं एकदमच करावं.

पाटे बसवताना रबरी बुशांचे (पाट्याच्या टोकांशी बसणाऱ्या रबरी नळ्यांचे) बोल्ट गाडी जॅकवर असताना आवळू नयेत. चाकं जमिनीला टेकवून, गाडीचं वजन पाट्यांवर आल्यावरच ते घट्ट करावेत. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.