शेवाळशेतीचा हिशेब वाळलेल्या मालावर मांडा
(दोर, तरंगे आणि तराफ्याचं साहित्य घेणाऱ्या ग्राहकांसाठी)

साहित्य घ्यायला येणारे बहुतेक जण आधी हेच विचारतात, की एका तराफ्यावर माल किती निघतो? आकडा सांगता येतो, पण तो ओल्या शेवाळाचा असतो. व्यापारी पैसे मोजतो ते वाळलेल्या मालाचे. म्हणून खरेदीआधी हे वाचाच.

कॅराजीनन (शेवाळातून काढतात तो, खाद्यपदार्थ दाट करणारा घटक) यासाठी लावतात ती कप्पाफायकस जात साधारण 45 दिवसांत काढणीला येते. समजा, 100 ग्रॅमचे 1,000 तुकडे दोरांना बांधले. बियाणं लागलं 100 किलो. वाढ पाचपट झाली, तर 500 किलो हाती येतं. त्यातलं 100 किलो पुढच्या लागवडीला ठेवायचं. उरलेलं 400 किलो वाळून, दहास एक धरलं, तर 40 किलो होतं. विकायला एवढंच.

आता वाढ तीनपटच झाली असं धरा. 300 किलोतून बियाणं वजा जाता 200, आणि वाळून 20 किलो. म्हणजे विक्री थेट निम्म्यावर! बांधणीची मजुरी आणि होडीच्या फेऱ्या मात्र जवळपास तेवढ्याच. म्हणूनच आम्ही साहित्य विकत असलो, तरी आधी जागा पारखायला सांगतो. नदीच्या मुखाजवळ पावसाळ्यात पाण्याचा खारटपणा उतरतो. पाणी साचून तापत असेल, तर फांद्या पांढऱ्या पडून तुटतात; हाच ‘आइस-आइस’ रोग. शेवाळ खाणाऱ्या माशांचा वावरही पाहून घ्या.

वाळवण वाळूवर नको. मचाण किंवा जमिनीपासून उंच ताणलेली जाळी वापरा, कारण वाळू-शिंपल्यांचा माल दरात मार खातो. अर्धवट वाळलेल्या शेवाळावर पाऊस पडला की कॅराजीनन धुपून जातं, तेव्हा ताडपत्री हाताशी असू द्या. ओलावा साधारण 35 ते 38 टक्क्यांवर आला की पोती भरा. त्याआधी भरलीत तर माल आतून तापून कुजतो.

खर्चात घरच्या माणसांची मजुरी जरूर धरा. तुकडे बांधायला सर्वांत जास्त हात लागतात आणि ते फुकट धरले, की तोट्यातली शेतीही नफ्यातली दिसते. दोर-नांगरांची किंमत मात्र एकाच काढणीवर टाकू नका; ते जितक्या लागवडींना पुरतील तितक्यांत वाटा.

प्रक्रिया करणारे कारखाने मोजके असल्याने दर झपाट्याने वरखाली होतात. लागवडीआधी किमान दोन खरेदीदारांशी बोला. उधारीवर बियाणं घेताना माल बियाणं देणाऱ्यालाच विकण्याची अट आहे का, हेही पाहा. समुद्रातल्या जागेची आणि बाहेरून जात आणण्याची परवानगी आधी काढा.

मोठी खरेदी करण्यापूर्वी दोन-चार दोर लावून पाहा. काही तुकड्यांना खूण बांधा आणि तेच तुकडे दर आठवड्याला, पाणी निथळून, वजन करा. दरपत्रक घ्यायला येताना ही वजनं आणा. सोबत ओहोटीची खोली, तळ वाळूचा की खडकाळ आणि समुद्र खवळलेला असण्याचे महिने लिहून आणलेत, तर नांगर किती आणि दोर किती जाड हे लगेच ठरवून देऊ.