उण्याचं चिन्ह गळालं आणि झाड सहारात गेलं

आफ्रिकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरच्या नामिब वाळवंटात वेल्विचिया नावाची एक वनस्पती उगवते. पानं आयुष्यभर दोनच. ती बुंध्याकडून वाढत राहतात आणि टोकाकडे वाऱ्यानं फाटून चिंध्या होतात, त्यामुळे लांबून पाहिलं तर कुणी जुन्या चटया टाकून गेल्यासारखं वाटतं. 1859 साली फ्रीडरिश वेल्विच या वनस्पतिशास्त्रज्ञाला ती दक्षिण अंगोलात सापडली. त्या काळी ‘कुठे सापडली’ याचं उत्तर म्हणजे वाळवलेल्या नमुन्याला चिकटवलेली चिठ्ठी, तिच्यावर जवळच्या गावाचं नाव. पण गावांची नावं बदलतात. त्याच किनाऱ्यावरचं मोसामेडिस 1985 मध्ये नामिबे झालं आणि 2016 मध्ये पुन्हा मोसामेडिस!

आता खिशात जीपीएस आहे. अक्षांशाचे चार दशांश लिहिले तर जागा साधारण 11 मीटरपर्यंत नेमकी होते, दोनावर थांबलात तर किलोमीटरभराचा घोळ. मात्र फोननं सात दशांश दाखवले म्हणून झाड सेंटीमीटरपर्यंत सापडलं असं होत नाही, कारण उघड्या माळावरही फोन चार-पाच मीटर चुकतोच. म्हणून आकड्याशेजारी ‘किती मीटर इकडे-तिकडे’ हे लिहायचं. मला तर नोंदीतला हाच रकाना सर्वांत मोलाचा वाटतो, आणि घाईत नेमका तोच रिकामा राहतो.

खरी गंमत चुकांची आहे. समजा झाड उणे 22 अक्षांश, 15 रेखांशावर आहे. आकड्यांची अदलाबदल झाली तर ते केप व्हर्डजवळ अटलांटिक महासागरात जाऊन पडतं. ही चूक परवडली, समुद्रातलं झाड कुणालाही खटकतं. पण दक्षिण गोलार्ध दाखवणारं उण्याचं चिन्ह तेवढं गळालं, तर ठिपका थेट सहारात! तिथेही वाळवंटच, त्यामुळे नकाशा पाहणाऱ्याला संशयसुद्धा येत नाही.

जागेइतकंच झाडाविषयी लिहायला हवं. वेल्विचियात नर आणि मादी झाडं वेगळी असतात, शंकू पाहून ओळखता येतात. काही झाडं हजार वर्षांहून जुनी मानली जातात आणि बी रुजेल असा पाऊस तिथे क्वचितच पडतो. म्हणजे मोठ्या झाडांचा नकाशा हा एका अर्थी जुन्या पावसांचाच नकाशा. आज तिथे नवं झाड रुजतंय का, हे कळायला रोपं शोधावी लागतात. ती दिसली नाहीत तर ‘शोधली, नाहीत’ असं स्पष्ट लिहायचं. रकाना कोरा सोडला तर रोपं नव्हती की पाहिलीच नाहीत, हे पुढच्या माणसाला कसं कळणार?

एवढी नेमकी नोंद सगळ्यांना दाखवावी का, हा निराळा प्रश्न. दक्षिण आफ्रिकेत कोनोफायटम या मांसल पानांच्या वनस्पतीची इवलीशी झाडं चोर उपटून नेतात आणि विकतात. म्हणून आयनॅचरलिस्टसारख्या, लोक आपल्या निसर्गनोंदी टाकतात अशा संकेतस्थळावर धोक्यातल्या जातींचा खरा ठिपका झाकला जातो. लोकांना दिसतो तो 0.2 अंशांच्या चौकोनात कुठेतरी टाकलेला, म्हणजे खऱ्या जागेपासून कित्येक किलोमीटर लांब असू शकणारा. खरे आकडे आत जपून ठेवलेले असतात.