जादूच्या टेबलाभोवतीचा व्यायाम

नेदरलँड्समधील अनेक शुश्रूषागृहांत जेवणाच्या टेबलाच्या बरोबर वर, छताला एक खोका बसवलेला असतो. त्यात प्रोजेक्टर, स्पीकर आणि अवरक्त किरणांच्या साहाय्याने हातांची हालचाल टिपणारे संवेदक असतात. तो सुरू केला की टेबलावर वाळक्या पानांचा सडा पडतो. भोवती बसलेल्या चार-सहा जणांपैकी कोणी हात फिरवला, की पाने सळसळत सरकतात. समोरच्यापुढे ती साचली, की तोही बहुधा ती परत लोटतो. डेल्फ्टच्या तंत्रज्ञान विद्यापीठात हेस्टर आंदेरीसन ल रीश यांनी केलेल्या संशोधनातून हे ‘टोव्हरताफल’ (डच भाषेत ‘जादूचे टेबल’) उभे राहिले आणि 2015 मध्ये ते बाजारात आले.

स्मृतिभ्रंश म्हटले की आपल्याला विसरणे आठवते. पण शुश्रूषागृहात त्याहून जाचक ठरते ती उदासीनता. कोणतीही कृती आपणहून सुरू करण्याची ऊर्मीच ओसरते, माणूस तासन्‌तास बसून राहतो, स्नायू झिजतात आणि पडण्याचा धोका वाढतो. त्यातच अल्झायमरमध्ये मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा भाग लवकर बाधित होत असल्यामुळे व्यायामाच्या नव्या सूचना मनात ठसत नाहीत. याउलट झाडणे, ढकलणे, झेलणे अशा अंगवळणी पडलेल्या हालचालींची स्मृती मुख्यतः मेंदूच्या आत खोलवर असलेला बेसल गँग्लिया हा भाग आणि लहान मेंदू यांच्यावर अवलंबून असते आणि ती पुष्कळ काळ टिकते. पाने दिसताच हात पुढे जातो तो याच भांडवलावर. म्हणून या खेळात गुण नाहीत, वेळेची मर्यादा नाही आणि कोणी बादही होत नाही.

हा तपशील किरकोळ नाही. 2006 मध्ये आलेल्या, हातातले यंत्र हलवून खेळायच्या निन्टेन्डो वी या व्हिडिओ गेमवरील बोलिंग अनेक वृद्धाश्रमांत लोकप्रिय झाले खरे, पण त्यात बटण दाबून धरून नेमक्या क्षणी सोडावे लागते. 2010 मध्ये आलेल्या, कॅमेऱ्याने शरीराची हालचाल टिपणाऱ्या कायनेक्टने हातातले यंत्र काढून टाकले, तरी पडद्यावरची आकृती म्हणजे आपणच, हे ओळखण्याचे काम उरलेच.

अर्थात, बसून हात फिरवणे हा फार दमवणारा व्यायाम नव्हे. बेल्जियममधील एका चाचणीत शुश्रूषागृहांतील स्मृतिभ्रंश झालेल्या 45 जणांची निवड करून त्यांतील एका गटाला पडद्यावरील चित्रांबरहुकूम, दाब ओळखणाऱ्या फलाटावर पावले टाकायला लावले: आठवड्यातून तीनदा, 15 मिनिटे, 8 आठवडे. आवडीच्या गाण्यांच्या चित्रफिती पाहणाऱ्या दुसऱ्या गटाच्या तुलनेत त्यांचे चालणे आणि तोल सुधारला, नैराश्याची लक्षणे कमी झाली. बौद्धिक चाचणीतही फरक दिसला.

मात्र या शेवटच्या निष्कर्षावर फार भिस्त ठेवू नये, असे मला वाटते. ब्रिटनमध्ये स्मृतिभ्रंशाच्या 494 रुग्णांवर झालेल्या आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डापा’ या कितीतरी मोठ्या चाचणीत चार महिने गटाने जोरकस व्यायाम करून घेतला गेला. रुग्णांची शारीरिक क्षमता वाढली, पण बौद्धिक ऱ्हास मंदावला नाही. उलट वर्षाअखेरीस व्यायाम करणारा गट किंचित मागेच होता. त्या चाचणीत पडदा नव्हता हे खरे, तरीही एखाद्या उपकरणाची जाहिरात ‘स्मरणशक्ती परत येईल’ असे सुचवत असेल, तर नातेवाइकांनी सावध राहावे. चालण्याचा वेग, खुर्चीतून उठण्याची सहजता, शेजाऱ्याशी झालेली नजरानजर, ही खरी मोजण्याजोगी फळे आहेत.

भारतात 60 वर्षांवरील सुमारे 88 लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील बहुतेक घरीच राहतात, तेव्हा छतावरचा महागडा खोका त्यांच्या वाट्याला येणे अवघड. पण खुर्च्या गोलाकार मांडून फुगा एकमेकांकडे टोलवण्याच्या खेळाला हेच तत्त्व लागू पडते, कारण समोरून येणारा फुगा काय करायचे ते स्वतःच सुचवतो. पावलांचा खेळ असेल तर मात्र हाताशी भक्कम कठडा आणि बाजूला उभे राहणारे माणूस हवेच. ते काम कोणताही संवेदक करत नाही.