पडद्यावरची नर्स मोजायची कशात?

अमेरिकेतल्या रुग्णालयांत साध्या वॉर्डातल्या खाटेसमोर कॅमेरा आणि दुसरीकडे बसलेल्या नर्सशी बोलायचा पडदा सर्रास दिसू लागला तो कोविडनंतर. दुरून लक्ष ठेवण्याचा प्रकार मात्र जुना. २००० साली व्हर्जिनियातल्या नॉरफोकमध्ये अतिदक्षता विभागातल्या रुग्णांवर दुसरीकडे बसलेले डॉक्टर आणि नर्स नजर ठेवू लागले. ऑक्टोबर २००८ पासून ज्येष्ठांच्या सरकारी विम्याने रुग्णालयात पडून झालेल्या दुखापतीचे जादा पैसे देणे थांबवले. त्यानंतरच्या काळात तोल जाणाऱ्या रुग्णाच्या उशाशी माणूस बसवण्याऐवजी एकाच माणसाने कॅमेऱ्यातून अनेक खोल्या पाहण्याची पद्धत वाढली. हा माणूस बहुधा नर्स नसतो. तरी बोलण्यात त्याचे काम आणि पडद्यावरच्या नर्सचे काम यांची सरमिसळ होते.

ही पडद्यावरची ‘व्हर्च्युअल नर्स’ म्हणजे परवाना असलेली, बहुधा अनुभवी नर्स. दाखल होताना रुग्णाची माहिती लिहून घेणे, डिस्चार्जच्या वेळी औषधे समजावणे, इन्सुलिनसारख्या औषधाच्या मात्रेची दुसरी खातरजमा, वॉर्डातल्या नवख्या नर्सला सल्ला, ही तिची कामे. मराठीत ‘आभासी परिचारिका’ लिहितात, ते खटकते. पलीकडची बाई चांगली हाडामांसाची असते.

खरा तंटा हिशेबाचा आहे. कॅलिफोर्नियाने १९९९ मध्ये नर्स-रुग्ण प्रमाणाचा कायदा केला. तो २००४ पासून लागू झाला, आणि २००५ पासून मेडिकल-सर्जिकल, म्हणजे साध्या वॉर्डात एका नर्सकडे जास्तीत जास्त पाच रुग्ण, असे ठरले. या प्रमाणात थेट सेवा देणारीच नर्स धरायची, असाही नियम आहे. मग पडद्यावरून औषधे समजावणे ही थेट सेवा ठरते का? व्यवस्थापन म्हणते, आम्ही कागदपत्रांचा भार हलका करतोय. नर्सच्या संघटनांना धास्ती वेगळीच: आज मदतनीस म्हणून आलेली उद्या खाटेपाशी असलेलीची जागा खाईल. ही धास्ती अनाठायी वाटत नाही. पडद्यातून कूस बदलून देता येत नाही, सलाईनची सुई लावता येत नाही, आणि रात्री दोनला बेडपॅन मागणाऱ्याला पडदा काय देणार?

त्यात एआयची भर पडली. ओरेगॉन राज्याने २०२५ मध्ये कायदाच केला: माणूस नसलेल्या कुठल्याही यंत्रणेने ‘नर्स’ ही पदवी लावायची नाही. पडद्यावरची नर्स त्यातून सुटते, कारण ती माणूस आहे. प्रमाणात ती धरायची की नाही, याला हा कायदा हात लावत नाही.